विहिरीचं विहिरीला

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात वरच्या फळीवर एक अर्धी भरलेली बाटली आहे. मध्यंतरी तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी चष्मा वर करून तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "मॅडम, या नमुन्याची मुदत कधीच संपलीय. कशाला ठेवलाय?"

"तो आमच्या अण्णांचा आहे," मी म्हटलं.

"मग अण्णांना सांगा टाकून द्यायला."

आता या माणसाला काय सांगायचं, कपाळ! अण्णांना काही सांगता आलं असतं तर मी इतके महिने त्या बाटलीकडं बघत बसले असते का? मी साहेबांना चहा पाजला, दोन बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. बाटली आहे तिथंच आहे.

अण्णा म्हणजे बाळगोंडा अण्णा. कुपवाडच्या एमआयडीसीतली आमची पाणी तपासायची छोटीशी प्रयोगशाळा. मी तिथं केमिस्ट आणि अण्णा गावोगाव फिरून विहिरी-बोअरचे नमुने आणणारे. धर्मानं जैन, शेतकरी घरातले, नदीकाठच्या एका गावातले. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला खाकी पिशवी आणि त्या पिशवीत बाटल्यांबरोबर कायम एक पितळी कळशी. कळशी म्हणजे केवढी, तर लहान पोरीनं भातुकलीत घ्यावी एवढी. तिच्या बुडाला एक कडी जोडलेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ओतणाऱ्यानं डोळे मिटून ओतली असणार. बुडाला कडी कोण जोडतं?

मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. पहिला वर्ग मिळाला होता, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, मला अण्णांबरोबर जतला पाठवलं. रखरखीत ऊन. वस्तीवर एक हातपंप आणि त्याच्याभोवती रिकाम्या घागरींची ही एवढी मोठी रांग, कारण टँकर आला नव्हता. मी पुढं झाले, पंपाचा दांडा दोनदा मारला, बाटली भरली, झाकण लावलं आणि म्हटलं, "चला अण्णा, झालं."

अण्णांनी माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं आणि शांतपणे उपडी केली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू!

"ताई, हे नळीतलं शिळं पाणी हाय," ते म्हणाले. "जमिनीतलं अजून आलंच न्हाई. तुमी नळीची तपासणी करायला आलाय का पाण्याची?"

मग त्यांनी टोपी काढून पिशवीत ठेवली, बाह्या वर केल्या आणि दांडा मारायला लागले. पण जतमध्ये पाणी मातीत सोडायचं म्हणजे पाप. म्हणून त्यांनी बायकांना हाक मारली, अर्धी कन्नड, अर्धी मराठी, आणि एकेक घागर पंपाखाली ठेवायला लावली. दांडा मारताहेत, घाम पुसताहेत, घागर भरतेय, दुसरी येतेय. अकरा घागरी भरल्यावर त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि मला म्हणाले, "आता आलं बगा खालचं." त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची कारण शाई ओलीनं फुटते, हे सगळं मी त्या दिवशी शिकले. एक म्हातारी अण्णांच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडत होती. माझ्याकडं कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही, आणि बरोबरच होतं म्हणा.

अण्णांचा एक नियम होता. न बघितलेल्या पाण्याबद्दल बोलायचं नाही. कुणी शेतकरी रस्त्यात गाठून विचारायचा, "अण्णा, आमच्या हिरीचं पाणी बागेला चालंल का वं?" की यांचं उत्तर ठरलेलं. "सँपल न्हाई, तर बोलणं न्हाई." समोरचा हिरमुसायचा. मग अण्णा त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून थेट त्याच्या विहिरीवर जायचे, आणि मी इकडं जीपमध्ये तासभर चडफडत बसायची.

आता ती कळशी. विहिरीवर गेलं की आधी नमुना. बाटल्या भरून, चिठ्ठ्या लावून, पिशवीत गेल्या की मग अण्णांचं स्वतःचं पाणी. कळशी विहिरीत सोडायची, भरून घ्यायची, कमरेचा पांढरा दुपदरी कपडा काढायचा आणि त्यातून पाणी तांब्यात गाळायचं. जैन घरांत पाणी गाळून पितात हे सांगलीत कुणाला माहीत नाही? पण अण्णांचं पुढं होतं. कपड्यावर जे राहिलं, डोळ्यांना दिसतही नाहीत असे बारीक जीव, ते गाळलेल्या पाण्यानं धुऊन ते कळशीत उतरवून घ्यायचे. त्याला जिवाणी म्हणतात. मग कळशीच्या बुडाच्या कडीला दोरीचं टोक बांधायचं, एक सैल वेढा तोंडाजवळच्या कानाला घ्यायचा आणि कळशी सरळ, हळूहळू, अगदी हळूहळू खाली सोडायची. पाण्याला टेकली की वेढा सुटायचा, वरून दोरी अलगद ओढली की कळशी पाण्यातच उपडी व्हायची. वरून ओतायचं नाही. वरून ओतलं तर पडताना जीव मरतात.

"आणि दुसऱ्या विहिरीत सोडली तर?" मी एकदा खोडी काढायला विचारलं.

"तुमाला नेऊन दुसऱ्याच्या घरात सोडलं तर चालंल का?" अण्णा म्हणाले. "ज्या विहिरीचं, त्या विहिरीला."

मी हसले होते. दर विहिरीला दहा-बारा मिनिटं जायची त्या प्रकारात. तासगावच्या बाजूला द्राक्षांच्या हंगामात आम्ही दिवसाला आठ-आठ विहिरी करायचो, आणि प्रत्येक विहिरीवर हे. माझा डबा जीपमध्ये आंबून जायचा. उशीर झाला की अण्णांची आणखी गडबड, कारण सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण झालं पाहिजे. मग रस्त्याकडेला जीप थांबवून चटणी-भाकरी खायची. त्यांच्या घरची शेंगदाण्याची चटणी मात्र मी निम्मी संपवायची. ते नुसते बघत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी चटणी दुप्पट आणायचे.

असं सगळं चाललेलं असताना सुमनवहिनी आल्या.

तासगावच्या पुढं एका गावात त्यांची तीन एकर द्राक्षबाग. नवरा मिलिटरीत, शेती या एकटीच बघायच्या. त्यांच्या बांधाला लागून रस्त्यावर डिझेल-पेट्रोलचा पंप. त्या आमच्या टेबलावर एक प्लास्टिकची बाटली ठेवून म्हणाल्या, "आवं मॅडम, वास घ्या. ह्ये पाणी हाय का रॉकेल?" मी वास घेतला. डिझेलचा उग्र भपकारा आला. पंपवाल्यांचं म्हणणं असं की आमची जमिनीखालची टाकी नवी आहे, तेल गळतंय ते वहिनींच्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनातून. आणि इंजिन तर वहिनींच्या सासऱ्यांनीच भंगारात घालून विजेची मोटर बसवली होती. पण ऐकतो कोण?

अण्णा गेले, नमुना घेतला, तेल दिसतंय का म्हणून पाणी कपड्यातून गाळून बघितलं आणि परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला मोबाइल दाखवला. पंपावरच्या कुणीतरी लांबून शूटिंग केलेलं. अण्णा विहिरीच्या कडेला वाकलेले, हातात दोरी, दोरीला कळशी. खाली लिहिलेलं की पाणी तपासायला आलेला माणूसच विहिरीत काहीतरी सोडतोय, बघा. आख्ख्या गावात फिरत होतं ते. ग्रामपंचायतीत बैठक बोलावली होती आणि आम्हाला निरोप होता.

मी रागानं लालबुंद झाले, पण अण्णांपुढं चेष्टेवारी नेलं. म्हटलं, "अण्णा, हसू नका, पण तुमची कळशी फेमस झाली." अण्णांना मोबाइल दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "परत तेच."

तासगावच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं. इतकी वर्षं बरोबर फिरत होतो, पण गुजरातचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता.

अण्णा पंचविशीत असताना मिरजेच्या एका ठेकेदाराबरोबर गुजरातेत गेले होते. तिकडं जमिनीतून तेल काढायचं काम. उंच मनोरा उभा करतात, खोल भोक पाडतात आणि त्या भोकातून चिखल वर येतो. अण्णांचं काम चाळणीवर. चिखल चाळणीवर पडायचा, चुरा वर राहायचा आणि पाणी खाली. "तिथंबी गाळायचंच काम लागलं बगा नशिबी," ते म्हणाले. "पण तिथं गाळलेलं परत न्हेऊन सोडायची पद्धत न्हवती. शेजारी मोट्टा खड्डा. त्यात प्लास्टिक अंथरलेलं. चुरा, तेलकट पाणी, खोलातलं खारट पाणी, सगळं त्यात. प्लास्टिक कवाच फाटलेलं. मी रोज बघत हुतो."

कँपवर पाणी टँकरचं यायचं. कुठलं, कधीचं, कळायला मार्ग नाही. अण्णांना ते घशाखाली उतरेना. एका शेतापलीकडं मोंघीबा नावाच्या म्हातारीची विहीर होती. तिनं अण्णांना पाणी भरू दिलं. रोज सकाळी हे जायचे, पाणी काढायचे, गाळायचे आणि जिवाणी विहिरीत सोडायचे. म्हातारी बाजेवर बसून बघायची. तिला याची गंमत वाटायची. बाजरीचा रोटला द्यायची.

"पाणी कसं हुतं अण्णा?"

"गोडं. लय गोडं. आमच्या घरच्या विहिरीपेक्षाबी गोडं. आईला सांगितलं न्हाई कवा."

दोन पावसाळे गेले आणि ते पाणी बिघडलं. आधी मचूळ लागलं, मग खारट. वरती रंगीत तवंग दिसायला लागला. म्हातारीच्या म्हशी पाण्याला तोंड लावेनात. गाव जमून कँपवर आलं. तेव्हा साहेबलोकांनी विचारलं की विहिरीवर आपल्यातला कोण जातो? आणि तिथं जाऊन हा रोज विहिरीत काय सोडतो?

"कागद लिहिला," अण्णा म्हणाले. "मी रोज विहिरीत माज्या हातानं पाणी सोडत हुतो, म्हणून. मी सही केली. खोटं कुटं हुतं त्यात? सोडत हुतोच की. आनि ताई, कपडा माज्या कमरंला असायचा. कमरंखालची विजार तेलानं माखलेली. कपड्यालाबी वास यायचा कवा कवा. मी धुवायचो, पन जायचा न्हाई. मग मला वाटाय लागलं, खरंच मीच केलं असंल तर?"

त्या कागदानं गाव गप्प झालं. कंपनी सुटली. अण्णांना परत पाठवलं. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी जरा पाणी शिल्लक होतं ते गाळलं आणि जिवाणी सोडायला विहिरीवर गेले, तर मोंघीबा काठावर उभी. शिवी दिली नाही. फक्त विहिरीपुढं उभी राहिली आणि तोंड फिरवलं.

"कळशी हातात तशीच. तशीच घेऊन आगगाडीत बसलो. जिवाणी वाटंतच वाळून गेली. त्या विहिरीचं माज्याकडं राहिलंय बगा, ताई."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. द्राक्षबागा चालल्या होत्या एकामागून एक.

ग्रामपंचायतीत गर्दी मावत नव्हती. पंपावरचा मॅनेजर मोठ्यानं बोलत होता आणि मोबाइल हवेत नाचवत होता. सरपंच म्हणाले, "अण्णा, तुमी विहिरीत काय सोडलं का न्हाई? एवढंच सांगा." मला वाटलं, संपलं, हे आता कागद मागणार आणि सही करून टाकणार.

अण्णा उठले. हात जोडले. "सोडलं," म्हणाले. "पन आज मी विहिरीजवळ येत न्हाई. मी रस्त्यावर उभारतो, हात मागं बांधून. बादली तुमची, दोरी तुमची, कपडा तुमचा. कपडा नवा आना, दुकानातनं, घडी न मोडलेला. तुमीच पाणी काढा आन् तुमीच गाळा."

सगळं गाव विहिरीवर गेलं. दुकानातून नवं मांजरपाट आणलं. सरपंचांनी स्वतः बादली ओढली. वहिनींनी आणि दुसऱ्या एका बाईनं कपड्याची दोन-दोन टोकं धरली. पाणी ओतलं, आणि कपडा पिवळसर होत गेला. सरपंचांनी तो नाकाला लावला आणि झटकन बाजूला केला. मग तो कपडा हातोहात फिरला. म्हाताऱ्यांनी वास घेतला, पोरीबाळींनी घेतला. एवढं तेल अण्णांच्या एवढ्याशा कळशीतून येणं शक्य नाही, हे सगळ्यांना कळलं. शेवटी तो मॅनेजरच्या हातात आला, तेव्हा तो मोबाइल खिशात घालत "बघतो, वर कळवतो" म्हणाला. मी माझ्या बाटल्या सगळ्यांसमक्ष भरल्या आणि सील केल्या. पुढं टाकी उकरली, ती खालून सडलेली निघाली. वहिनींची विहीर उपसायला लागली, दोनदा, तीनदा. त्या वर्षीची बाग मात्र गेलीच.

पण त्या दिवशीचं सांगते. गर्दी पांगली आणि अण्णा रस्त्यावरून हळूच विहिरीवर आले. वहिनींना म्हणाले, "पोरी, तो कपडा दे." मी ओरडलेच, "अहो अण्णा, आता तरी पुरे करा! डिझेलात कसले जीव राहिलेत?"

"असतील एक-दोन," ते म्हणाले. "घर बिघडलं म्हणून घरच्याला बाहेर ठेवायचं व्हय?"

आणि त्यांनी कळशी सोडली, तशीच हळूहळू. वहिनी दोरी धरायला पुढं झाल्या.

दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला अण्णा प्रयोगशाळेत येऊन प्रत्येकापुढं हात जोडायचे. वर्षभरात चुकून काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणायचे. मी म्हणायची, "जतची बाटली उपडी केलीत, ती सोडून सगळं माफ." त्याच दिवशी ते एक पोस्टकार्ड टाकायचे. कुणाला, ते मला तासगावच्या त्या प्रकरणानंतर कळलं. मोंघीबाला. वर्षानुवर्षं. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

त्या वर्षी ते पोस्टकार्ड हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी घाईत होते, साखर कारखान्याचे नमुने पडले होते, डोकं फिरलेलं होतं.

"ताई, एक इचारू? माज्या कपड्यानं ती विहीर खारी झाली असंल का वं?"

मी मान वर न करता म्हटलं, "सँपल नाही, तर बोलणं नाही, अण्णा."

ते हसले. "बरोबर हाय," म्हणाले आणि गेले.

मला उत्तर माहीत होतं हो! त्या क्षणी माहीत होतं. कपड्याला लागलेल्या तेलानं आख्खी विहीर खारट होत नाही. मीठ येतं खोलातून, त्या फाटक्या खड्ड्यातून. कुठलीही केमिस्ट झोपेत सांगेल. एवढं एक वाक्य बोलायला मला काय झालं होतं? त्यांचाच नियम त्यांना परत केला, आणि वर स्वतःवर खूश झाले. माणसाला नियम आणि माया यातला फरक कळायला किती वर्षं लागतात, देव जाणे.

अण्णा निवृत्त झाले. नारळ, शाल, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. म्हणाले, "दोन रिकाम्या बाटल्या द्या. सँपल आनतो."

"कुठलं?"

"तिकडलं."

मी मिरज जंक्शनवर त्यांना सोडायला गेले. डब्यात खिडकीशी बसले, मांडीवर खाकी पिशवी. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, "अण्णा, काळजी करू नका. पाणी अजून खारं निघालं ना, तर तुम्ही सुटलात. कपड्याचं तेल इतकी वर्षं टिकत नाही, आणि तेलानं खारंही होत नाही." शेवटी बोलले एकदाची.

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "असं म्हनू नका, ताई," ते म्हणाले. "गोडं निघू दे. मीच केलं असं ठरलं तरी चालंल. पन गोडं निघू दे."

आठ दिवसांनी आले. मोंघीबा कधीच गेली होती. नातू होता, त्यानं घरात बसवलं, पाणी दिलं. नळाचं. आणि देवघरातून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून दाखवला. सगळी पोचली होती! पण मराठी कुणाला वाचता येत नव्हतं. म्हातारीला वाटायचं कुठल्यातरी देवस्थानाहून येतात, म्हणून देवामागं ठेवायची. आमचे अण्णा तरी बघा, आयुष्यभर पत्रं लिहिली आणि वाचणाऱ्याची भाषा कुठली हे एकदाही मनात आलं नाही. ते स्वतःच सांगताना हसत होते, आणि डोळे पुसत होते.

विहिरीवर जाळी टाकलेली. कुणी भरत नाही. एक बाटली तिची, आणि दुसरी लांबच्या, वरच्या अंगाच्या एका विहिरीची, ताडून बघायला. नमुना घ्यावा तर अण्णांनी.

मी त्यांच्यासमोरच तपासायला घेतलं. यात अवघड काही नाही. पाण्यात पिवळा रंग घालायचा आणि वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं. गोड पाणी लवकर विटकरी होतं. जितकं मीठ जास्त, तितकं औषध जास्त लागतं. अण्णांना हे पाठ होतं. ते स्टूल ओढून शेजारी बसले.

लांबच्या विहिरीचं पाणी लगेच फिरलं. "हां," अण्णा म्हणाले.

मग मोंघीबाच्या विहिरीचं घेतलं. थेंब पडत होते. पाणी पिवळंच. मी बाटली हलवत होते, थेंब पडत होते. अण्णा पुढं वाकले. "आता फिरंल," म्हणाले. पिवळंच. नळी निम्मी झाली. "बास की आता. फिर की रं बाबा." नळी संपली. मी दुसऱ्यांदा भरली. जो थेंब पडत होता त्यानं अण्णा निर्दोष ठरत होते, आणि प्रत्येक थेंबाला ते म्हणत होते, "बास, बास." मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. नळी पुन्हा निम्मी झाल्यावर कुठं रंग फिरला.

"अण्णा, तुम्ही नव्हता," मी म्हटलं. "सँपल बघून सांगतेय. लिहून देऊ?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. उठून खिडकीपाशी गेले. "गोडं निघायला पायजे हुतं, ताई," एवढंच म्हणाले. "लय गोडं हुतं."

मग वळून त्यांनी विचारलं, "उरलेलं?"

उरलेलं पाणी आम्ही मोरीत ओततो. इतकी वर्षं ओतत आलो. त्यांनी अर्धी बाटली उचलून उजेडात धरली. "हे परत न्यायला पायजे. मागच्या बारीलाबी राहिलंय."

"अर्ध्या बाटलीसाठी परत तेवढं लांब?"

"दिवाळी झाली की जातो. घरी नातवंडं सांडतील. तवर तुमच्याकडं ठेवा."

दिवाळीला त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, आणि थंडी पडायच्या आत अण्णा गेले. सुनेनं ती कळशी मला आणून दिली. म्हणाली, "मामंजींनी तुमचं नाव सांगितलं हुतं." मी गुजरातचं तिकीट काढलं आहे, येत्या शुक्रवारचं. नातवाला फोन केला, तो जाळी उचलून ठेवणार आहे. दोरी कशी बांधायची ते मला येतं की नाही, याची घरातल्या बादलीत दहा वेळा तालीम केलीय. दोनदा कळशी वरच उपडी झाली.

बाटली माझ्याकडं ठेवून त्या दिवशी अण्णा बाहेर पडले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटायची वेळ होती. फाटकातून मोटारसायकली भराभरा निघत होत्या. ते कडेला उभे राहिले, सगळ्यांना जाऊ दिलं. खाकी पिशवीत आता नुसती कळशी, पिशवी खांद्यावर लोंबत होती. मी खिडकीत होते. त्यांनी वळून वर पाहिलं आणि हाताची मूठ हवेत दोनदा फिरवली, झाकण घट्ट लावा म्हणून. मी आत वळून झाकण पाहिलं. घट्टच होतं, त्यांनीच लावलेलं. परत खिडकीत आले तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.